शेषमण्याची परीक्षा

श्रावणातला दुसरा सोमवार होता आणि सकाळी नऊलाच गोरक्षबाबाच्या शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत मोटारसायकली लागल्या होत्या. निफाड तालुक्यातली भेंडवाडी म्हणजे गोदावरीच्या काठावरचं सातशे उंबऱ्यांचं गाव. इकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगेकडे पाठ करून ते पत्र्याचं शेड उभं होतं, आणि आत दोनशे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून मधल्या बाजेकडे बघत होती.

बाजेवर वाळू नावाचा चाळिशीचा शेतकरी पडला होता. पहाटे गोठ्यात त्याच्या मनगटाला साप चावला होता. गोरक्षबाबानं चाव्याच्या जागी ब्लेडनं बारीक चीर दिली. रक्ताचा थेंब वर आला, तसा त्यानं धुनीजवळच्या ताटलीतून सुपारीच्या खांडाएवढा एक काळपट तुकडा उचलून त्यावर दाबला. मग त्यानं वाळूचा हात उंच करून उलटा फिरवला. तुकडा पडला नाही.

"धरला! धरला मणी!" बाबा गरजला. "बघून घ्या. मणी इषाला धरतो. इष नसलं तर धरतच नाय. हा काय बाजारातला माल नाय भाऊ, साक्षात शेषाचं हाड हाय. ज्यानं पृथ्वी तोलली त्याचं. अमेरिकेवाल्यांनी याची पॉवर मोजायला मशीन आणलं व्हतं. मशीन जळून गेलं!"

"कधी आणलं होतं?" मागून एका पोरानं विचारलं.

"जळाल्यावर परत घेऊन गेले," बाबा म्हणाला, आणि लोकांना ते उत्तर पटलं.

दहा-बारा मिनिटांनी तुकडा आपोआप गळून पडला. बाबानं तो काचेच्या ग्लासातल्या दुधात टाकला. दुधातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. "इष ओकू राहिला मणी," बाबा हलक्या आवाजात म्हणाला, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. वाळू उठून बसला. त्यानं पाणी मागितलं, घोटभर प्याला आणि हसला. शेडभर शेष महाराजांचा जयजयकार झाला.

मी मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुडघा चोळत बसले होते. माझं नाव योगिनी. नाशिकच्या एका कॉलेजात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं आणि आता निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तर त्याहून जुनी आहे. लिंबातून निघणारं रक्त पाहिलं, आपोआप पेटणारे नारळ पाहिले, अंगात येणाऱ्या बायका आणि त्यांच्या अंगात आणणारे पुरुषही पाहिले. पूर्वी असं काही दिसलं की डोकं तापायचं. आता नुसता थकवा येतो. एक बुवा उठवावा तर पुढच्या वळणावर दुसरा बसलेला असतो, आणि त्याचं शेड जरा मोठं असतं.

मला इथं बोलावलं होतं ते डॉक्टर अंजलीनं. भेंडवाडीपासून सात किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती डॉक्टर होती. "मॅडम, साप चावला की लोक आधी दगडाकडे जातात, मग माझ्याकडे," ती फोनवर म्हणाली होती. "मधला वेळ मला कुणी परत देत नाही. मी सांगून दमले. तुम्ही दगडवाल्या ना? तुम्ही तरी या."

खरं तर तो दगड नव्हता. दहा फुटांवरूनच मी तो ओळखला होता. भेंडवाडीजवळ गंगेची दरड उभी कापल्यासारखी आहे. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ आणि सगळ्यात खाली वाळू-गोट्यांचा एक थर. चुन्यानं तो असा घट्ट बांधला गेलाय की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. गावकरी त्याला गोटाड म्हणतात. त्या गोटाडात हजारो वर्षांपूर्वीच्या जनावरांची हाडं आहेत. आजच्या माणसानं कधी पाहिला नाही असा लांब सुळ्यांचा हत्ती, म्हशीहून थोराड रानबैल आणि चक्क पाणघोडासुद्धा. आज जिथं द्राक्षबागा आहेत तिथं एके काळी ही जनावरं पाण्यावर यायची. त्यातली काही गाळात रुतून मेली, त्यांच्यावर वाळू साठली आणि हाडं हळूहळू दगडासारखी जड होत गेली.

बाबाच्या मागे लाल कापडावर ती सगळी मांडून ठेवली होती. हत्तीच्या मांडीच्या हाडाचं गोल टोक होतं, ते शेषाचं मस्तक. हत्तीची दाढ होती, पाट्यासारखी आडव्या वळ्यांची, ती शेषाची टाळू. आणि ज्याचे तुकडे करून मणी बनवले होते ती होती एक जाड बरगडी. शेषाला पाय नसताना मांडीचं हाड कुठून आलं, हे एवढ्या वर्षांत एकाही भक्तानं विचारलं नव्हतं.

बाजेवरून उठलेल्या वाळूला मी गाठलं. "साप कसा होता हो?"

"तपकिरी व्हता. अंगावर पांढरे पट्टे. बोटाएवढा जाड."

"कवड्या असेल. त्याला विष नसतं. तुम्ही मणी लावला नसता तरी बरे झाला असतात."

"अहो ताई, पण लावला आन् बरा झालो ना?" तो म्हणाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर लोक कावळ्याचं वजन मोजत बसतात. बाबाकडे येणाऱ्यांतले बहुतेक असेच, बिनविषारी साप चावलेले. जे मरतात ते, बाबाच्या मते, मणी उशिरा लावला म्हणून.

मी पुढे होऊन बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात गोरक्षबाबाची नजर माझ्यावर पडली. तो दोन क्षण बघत राहिला. मग आसनावरून उठला, गर्दी बाजूला सारत आला आणि सगळ्यांसमोर त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"मंडळी, दर्शन घ्या!" तो ओरडला. "ह्या आमच्या गुरुमाउली. बावीस वर्षांमागं ह्यांनीच या मण्याची परीक्षा घेतली व्हती. या डोळ्यांनी पाहिलंय मी. ह्यांनी मणी जिभेला लावला आन् मणी चिकटला! ह्याच म्हणल्या, गोरक्ष, खरं असलं तर चिकटतं, खोटं असलं तर पडतं. हेच शब्द. विचारा त्यांना!"

शब्द खरंच माझे होते.

बावीस वर्षांपूर्वी मी कॉलेजची मुलं घेऊन या दरडीवर आले होते. खणायला गावातला एक कुदळवाला मजूर लावला होता. विशीतला, काटक, सारखे प्रश्न विचारणारा. आमच्या धंद्यात एक जुनी सवय असते. गोट्यांमधून निघालेला तुकडा हाड आहे की नुसता दगड, हे कळत नसलं की तो जिभेला लावून बघायचा. हाडाच्या आत बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढतात म्हणून हाड जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. मुलांना मी हे सगळं इंग्रजीतून समजावलं होतं, पोरॉसिटी आणि कॅपिलरी ॲक्शन वगैरे. आणि त्या मजुरानं विचारलं, "मॅडम, चाटता कामून?" तेव्हा ऊन फार होतं, दोन तासांत परतायचं होतं. मी हसून म्हणाले होते, खरं असलं तर चिकटतं, खोटं असलं तर पडतं.

तो मजूर आता माझ्यासमोर भगव्या कफनीत उभा होता. आयाबाया माझ्या पाया पडायला रांग लावत होत्या. मी "अहो, नको, थांबा" म्हणत होते आणि त्यांना तो विनय वाटत होता.

"ऐका," मी आवाज चढवला. "हे हत्तीचं हाड आहे. शेषाचं नाही. हे विषाला धरत नाही, ओलीला धरतं. हे बघा." मी ताटलीतला दुसरा तुकडा घेतला आणि सरळ जिभेला लावला. तो चिकटला. मी जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. त्रेसष्टाव्या वर्षी दोनशे माणसांसमोर जीभ काढून उभं राहणं काही सुखाचं नव्हतं. तुकडा काढून मी म्हणाले, "मला कुठे साप चावलाय? तरी चिकटला ना?"

गोरक्ष क्षणभरही गडबडला नाही. "बघा!" त्यानं लोकांकडे हात पसरले. "माउलीच्या पोटातलं भी इष ओढू राहिला! शहरातलं खाणं म्हणजे काय? केमिकल! दूध पावडरचं, भाजी गटाराची. मणी लगेच ओळखतो."

पुन्हा जयजयकार झाला. मी खाली बसले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, आणि इथं तर घडा मीच पालथा घालून गेले होते.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल करकचून थांबली. दोघांच्या मध्ये धरून एका तरुण बाईला आत आणलं. "वाट द्या! चाळीत चावलाय!" पुढचा माणूस ओरडत होता. तो संतोष, गावातला कांदा उत्पादक. मध्ये त्याची बायको सायली, चोविशी-पंचविशीची. मागे पदर खोचून धरलेली त्याची आई, कुसाबाई. कांद्याच्या चाळीत सडका कांदा निवडताना सायलीच्या पायाला साप चावला होता. चाळीत कांद्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कुसाबाईनं तो पाहिला होता. "जाडजूड व्हता. पाठीवर साखळीवानी ठिपके. कुकरच्या शिट्टीवानी फुसकारला," ती धापा टाकत सांगत होती.

घोणस. जहाल विषारी साप. मी उठून पुढे झाले.

"हिला इथं ठेवू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. गाडी कुणाकडे आहे?" मी म्हणाले.

"मणी लागू द्या आधी," संतोष म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, हिला चौथा महिना हाय. दवाखान्यात सुया मारतील, पोटातल्याला काय झालं तर?"

गोरक्षनं सायलीच्या घोट्यावर ब्लेड फिरवलं आणि मणी लावला. मणी चिकटला. तो म्हणाला, "आता कुणी हात लावायचा नाय. गळून पडोस्तर काढला तर इष उलटं फिरतं. पोटातल्याकडं जातं."

एवढं एक वाक्य त्यानं टाकलं आणि संतोष जागच्या जागी गोठला. आता त्या मुलीला बाजेवरून हलवायची कुणाची छाती नव्हती.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती तासाभराच्या वाटेवर होती. अंजलीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, वाट बघू नका. मिळेल त्या गाडीत घाला आणि आणा." मी संतोषच्या हाता-पाया पडले. त्याला हाडाची छिद्रं सांगितली, हत्ती सांगितला, हजारो वर्षांचा गाळ सांगितला. माझ्याच कानांना ते सगळं एखाद्या वर्गातल्या व्याख्यानासारखं ऐकू येत होतं. तो नुसता मण्याकडे बघत होता.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. मी त्या वेळी खोटं बोलू शकले असते. त्या शेडमध्ये मी गुरुमाउली होते. "मणी सांगतोय, हिला दवाखान्यात न्या," एवढं मी डोळे मिटून म्हटलं असतं तर पाच मिनिटांत गाडी निघाली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. एवढी वर्षं ज्याच्याविरुद्ध भांडले, त्याच्याच नावानं हुकूम सोडायचा? मला ते जमलं नाही. मी पुन्हा छिद्रं समजावू लागले.

सायलीचा पाय पोटरीपर्यंत सुजला. मण्याच्या कडेनं रक्त झिरपत होतं, पाण्यासारखं पातळ, आणि थांबत नव्हतं. गोरक्षनं ते पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तोंड चालूच होतं. "वाईट रगत जाऊ राहिलं. जाऊ द्या. जाऊ द्या."

"आत्याबाई, हिरड्या दुखू राहिल्या," सायली सासूला म्हणाली. ती थुंकली. थुंकीत लाल होतं.

कुसाबाईनं तिचं तोंड पुसायला सायलीचीच ओढणी ओढली. ओढणीच्या टोकाला एक गाठ होती. ओढताना ती सुटली आणि बाजेवर लाल मातीचे चार-पाच तुकडे सांडले. फुटलेल्या माठाची खापरी. सायली तेवढ्यातही ओशाळली. दिवस गेलेल्या कित्येक बायकांना भाजक्या मातीचे डोहाळे लागतात. सासूपासून लपवून, गाठीला बांधून, जाता-येता एकेक तुकडा जिभेवर ठेवायचा. पुरुषांना याचा पत्ता नसतो.

कुसाबाई रागावली नाही. तिनं एक तुकडा उचलला, त्याच्याकडे पाहिलं, मग मण्याकडे पाहिलं. मग तिनं तो स्वतःच्या जिभेला लावला. तो चिकटला. तिनं तोंड मिटलं, तुकडा काढला, आणि कुणी काही म्हणायच्या आत दुसरा कोरडा तुकडा सुनेच्या पायावर, मण्याशेजारीच, रक्तावर दाबून हात सोडून दिला.

खापरी चिकटून राहिली.

"संतोष, पाय उचल तिचा," ती म्हणाली.

संतोषनं पाय उचलला. मणी लटकत होता आणि शेजारी खापरीही लटकत होती.

"गोरक्ष," कुसाबाई म्हणाली, "हा माठ मी गेल्या चैताला निफाडच्या बाजारातून आणला. सांग, ह्या माठात कोणता शेष व्हता?"

गोरक्षनं मण्यांची ताटली मागं ओढली. बायकांच्या बाजूनं एकजण खुदकन हसली, मग दुसरी. त्यांना एका क्षणात कळलं होतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या जिभेला कधी ना कधी खापरी चिकटली होती. जे मला तीस वर्षं शिकवून सांगता आलं नाही, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. वाळू पुढे आला, त्यानं एक खापरी उचलून दुधाच्या ग्लासात टाकली आणि वाकून बघत राहिला. बुडबुडे आले. "आयला," तो हळूच म्हणाला, "ही भी ओकू राहिली."

"कोरडं हाय म्हणून ओल पितंय," कुसाबाई संतोषला म्हणाली. तिनं दोन बोटांनी मणी उपटला आणि बाजेखाली टाकला. "पोट भरलं की पडतं. इषबिष काय नाय त्याच्यात. इष माझ्या सुनेत हाय. काढ गाडी."

कुणाच्या तरी पिकअपमध्ये कांद्याच्या रिकाम्या गोण्या टाकल्या, त्यावर सायलीला आडवं केलं. पाय हलू नये म्हणून मी तो मांडीवर धरून बसले. निघालो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

अंजली दारात उभी होती. तिनं सायलीचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी केली. "वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही," ती संतोषला म्हणाली. "चांगलं रक्त एवढ्या वेळात दह्यासारखं घट्ट होतं. मग नळी आडवी केली तरी सांडत नाही. घोणशीचं विष असेल तर पातळच राहतं." ती बोलता बोलता सलाईन लावत होती, सूज कुठवर आलीय त्यावर पेनानं खूण करत होती. वीस मिनिटांनी तिनं संतोषलाच बोलावलं आणि नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. संतोषनं नळी स्वतः हातात घेऊन पुन्हा तिरकी केली.

ही परीक्षा मला आवडली. कुणालाही पाया पडावं लागलं नाही आणि जे खरं ते आंधळ्यालाही दिसलं. लगेच सर्पविषावरचं औषध सुरू झालं. ते तिथं फुकट मिळत होतं, फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं, सात किलोमीटरवर.

संध्याकाळपर्यंत सायलीला नाशिकला मोठ्या दवाखान्यात हलवलं. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. आठ दिवस डायलिसिस करावं लागलं. सायली वाचली. पोटातलं बाळ चौथ्या दिवशी गेलं.

मी अंजलीला विचारलं, "आपण पावणेअकरालाच निघालो असतो तर?"

"सांगता येत नाही, मॅडम," ती म्हणाली. "कदाचित गेलंच असतं. कदाचित राहिलं असतं. पाऊण तासाचं विज्ञान एवढं बारीक नाही. लवकर आलं की बरं असतं, एवढंच मला माहीत आहे." ती माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान आहे आणि त्या दिवशी माझ्याइतकीच थकलेली दिसत होती.

गोरक्षवर गुन्हा दाखल झाला. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं आपल्या राज्यात कायद्यानं गुन्हा आहे, हे गावात बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जामिनावर सुटल्यावर तो मला नाशिकला भेटायला आला. पंचवटीतल्या माझ्या घराच्या पायरीवर बसला, आत यायला तयार नव्हता. कफनी नव्हती. शर्ट-पॅंटमध्ये तो पुन्हा त्या कुदळवाल्या मजुरासारखा दिसत होता.

"तुला माहीत होतं ना," मी म्हणाले, "ओला मणी चिकटत नाही म्हणून? म्हणून तर तू धुनीत तापवायचास."

"तापवल्याशिवाय धरत नाय, एवढं ठाऊक व्हतं. कामून, ते नव्हतं ठाऊक. मला वाटायचं, इष जळू राहिलं आतलं." तो खाली बघत म्हणाला. "आन् पुढं लोक पाया पडाय लागले, मग ठाऊक करून घ्यावंसं वाटलं नाय."

"मग अमेरिकेचं मशीन?"

"ते खोटं," तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली. "पण मॅडम, म्या इचारलं व्हतं तुमाला. चाटता कामून म्हणून. पोरांना तुम्ही समदं सांगितलं, इंग्लिशमधून. मला नाय सांगितलं."

त्याच्या लबाडीचं खापर मी स्वतःच्या डोक्यावर घेणार नाही. शेड त्यानं बांधलं, मशीन त्यानं जाळलं, त्या नवऱ्याला पोटातल्या बाळाची भीती त्यानं घातली. पण त्यानं विचारलं होतं आणि मी टाळलं, हेही खरं. दोन मिनिटांचं काम होतं ते. अंगणातलं मडकं दाखवलं असतं तरी झालं असतं.

सायलीला घरी सोडलं त्या दिवशी मी भेंडवाडीला गेले. गावात दोन तट पडले होते. काहीजण म्हणत होते, बाबानं फसवलं. काहीजण म्हणत होते, बायकांनी मातीचा विटाळ केला म्हणून मण्याची पॉवर गेली. सोमवारी शेडबाहेर अजूनही दहा-बारा मोटारसायकली होत्या. एका खापरीनं गाव शहाणं होत नसतं, हे मला या वयात नव्यानं शिकायची गरज नव्हती.

सायली ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पाय अजून काळानिळा होता. कुसाबाईनं चहा आणला आणि आत गेली. सायलीनं ओढणी पायावर ओढून घेतली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही पहिल्यापासून तिथंच व्हत्या ना?"

"हो."

"आन् तुमाला ठाऊक व्हतं, मण्यात काय नाय म्हणून."

"हो."

"मग बोलत कशाला बसल्या? मला उचललं का नाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." तिनं मान हलवली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

म्हणून हे लिहिलं. चमत्कार कसा होतो ते वर सांगितलंच आहे. घरी कोरडी खापरी असेल तर आजच जिभेला लावून बघा, पोरांनाही दाखवा, आणि ती का चिकटते ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगा. पोरांनी किंवा मजुरानं "का" विचारलं तर ऊन आहे, घाई आहे म्हणून हसून टाळू नका. पण साप चावला असेल तेव्हा यातलं काहीच करू नका. चीर देऊ नका, करकचून बांधू नका, मणी खरा की खोटा यावर कुणाशी भांडू नका. कुणी वाट अडवली तर त्याला पटवत बसू नका. चावलेल्या माणसाला उचला. वाद नंतर घाला, आधी गाडी काढा.